काठ

बोहोरपट्टीच्या तोंडाशी आमचं दुकान.
सव्वीस वर्षं मी इथे रजिस्टर भरतोय:
नाव, परवाना, किती नेली, कशासाठी.
'कशासाठी'च्या रकान्यात तीनच उत्तरं येतात,
पीक, जीव, खेळ.
चौथं होतं एकेकाळी,
जुन्या वह्यांत अजून दिसतं, मालकांच्या वडिलांच्या अक्षरात.
बहात्तर सालच्या कायद्याने त्यावर रेघ मारली.

मंगळवारी निफाडहून दौलतराव मोगल आले.
कानटोपी, काखेत खाकी गवसणी.
मागे नात, शर्वाणी. रायफल आता तिच्या नावावर चढली आहे.
ब्रनो, पॉइंट टू-टू.
दस्त्याचं पॉलिश बरोबर गालाच्या जागी उडालेलं.

काचेवर मी चार डब्या मांडल्या.
पोरगी म्हणाली, पन्नास मीटर, कागद, पुढच्या महिन्यात स्पर्धा.
मग संथ घ्या, म्हटलं, चाळीस ग्रेनची.
वेगवान गोळी आवाजाच्या पुढे पळते,
वाटेत दमते, आवाज तिला गाठतो,
आणि त्या गाठीभेटीत ती जराशी डगमगते.
पण डबीवर छापलेलं धरून चालू नका.
पत्रिका जुळली म्हणून संसार होत नाही.
प्रत्येकीच्या दहा-दहा उडवा, कागद मला दाखवा,
नळीला मानवेल ती तुमची.
मग त्याच लॉटच्या उचला, परवान्यात बसतील तेवढ्या.

दौलतराव ऐकत नव्हते.
एकेक गोळी काचेवर लोळवून बघत होते.
शिशाचं मेण बोटाला, बोट नाकाला.
"ती नाही का ठेवत? नाकाला खळगी असलेली. सशाची."
आहे, म्हटलं. पण ससा आता कोणाचाच नाही.
"ठाऊक आहे हो. नुसतं विचारलं."

राहिली दुर्बीण. दुर्बिणीपेक्षा तिच्या कड्या महत्त्वाच्या.
लोक काचेवर पैसे घालतात आणि कड्या रस्त्यावरच्या घेतात,
मग म्हणतात, रायफल बिघडली.
अकरा मिलिमीटरची खाच, त्यावर बसकी कडी,
भिंग नळीला टेकणार नाही एवढीच फट,
पोस्टकार्ड जाईल इतकी.
गाल दस्त्यावर टेकला की डोळा आपोआप जागेवर यायला हवा,
शोधावा लागला, तर चुकलं.

शर्वाणी म्हणाली, उंच कड्या द्या.
मी म्हटलं, तुमचा गाल अधांतरी राहील.
ती म्हणाली, गोधडीचा तुकडा बांधीन दस्त्यावर.
पण का?
तिने नुसतं आजोबांच्या मानेकडे पाहिलं.
कानटोपीखाली पांढरा पट्टा होता,
मणक्याच्या डॉक्टरांनी दिलेला, न वाकणारा.

उंच दिल्या.
चार स्क्रू, फुली काढावी तसे आळीपाळीने,
पाव-पाव फेरा. एकदम आवळला की नळकांडं पिळवटतं.
दौलतरावांनी पाना माझ्या हातातून घेतला
आणि आवळता आवळता, स्क्रूकडे बघत, सांगू लागले:

"शेवटचा ससा मांजरगावला. हरभऱ्याच्या कडेला.
ऊन मागून. कानांचा काठ नुसता पेटलेला.
मी दाबला, तर टिच्च.
फुसका बार.
ससा बसूनच राहिला, ऐकत."

होतं तसं, मी शर्वाणीला समजावलं.
हिची दारू मधे नसते, बुडाच्या काठात असते.
ओतताना काठाला कुठे रिकामी राहते,
आणि पिन नेमकी तिथेच पडते.
अर्धं मिनिट थांबायचं, तोंड मातीकडे.
मग गोळी काढायची, जराशी फिरवायची,
परत घालायची. बहुतेक वेळा उडते.

मग? तिने विचारलं. फिरवलीत, आबा?

चौथा स्क्रू. पाव फेरा. आणखी पाव.
बाहेर मेनरोडवर कुणीतरी हातगाडी मागे घेत होतं.
"हे बघ," ते म्हणाले, "आता डोळा लाव."

मी रजिस्टर ओढलं. पन्नास नग.
'कशासाठी' खाली लिहिलं: खेळ.