इंचाला दहा

उद्यमनगरात शहाच्या काउंटरवर
मी तुटकं पातं ठेवलं.
मापाआधी त्यानं विचारलं,
"कापायचंय काय?"

भरीव गज. चार इंची.
हे सगळं बाबालाल मिस्त्री बघायचे.
अंगठा फिरवायचे दात्यांवरून
आणि मला ऐकवायचे,
"पायपाला बारीक, गजाला विरळ.
तीन दात तरी लोखंडावर टेकाय पायजेत,
न्हाईतर काडकन जातंय."

हॅक्सॉ त्यांच्याहून दोन वर्षांनी लहान.
कण्हतो, तेल गाळतो,
पण काटकोन सोडत नाही.

शहानं बायमेटल दाखवलं, वाकतं, तुटत नाही.
दुप्पट भाव.
मी नेहमीचं काळं घेतलं,
इंचाला दहा.
तुटकं परत मागून घेतलं,
भाभी त्याला मूठ बसवून
मटणाची सुरी करतात.

जाताना त्यांच्या घरी थांबले.
साखरेनं अंगठा बधिर झालाय त्यांचा.
नवं पातं हातात घेऊन
गप्प बसले थोडा वेळ,
मग खालच्या ओठावरून
हळूच ओढलं.

"चौदाचं हाय. बदलून आण जा."

वेष्टनावर दहाच छापलं होतं.
मी पट्टी लावली, नखानं मोजत गेले.

बारा. तेरा.

शहाचं दुकान आठला बंद होतं.
मी स्कूटरला किक मारली.