लोटन उतरतो

सावद्याला केळीचा वजनकाटा,
त्याच्यामागे पत्र्याची खोली,
कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास आणि माझा लॅपटॉप.
आधी लिहायचे, मग चालवून बघायचे,
चालले की चहा.
अशी माझी पद्धत होती तेव्हा.

एका दुपारी काट्याने पावती छापली :
केळी, उणे बासष्ट किलो.
दराने गुणून, हमाली कापून
शेतकरीच व्यापाऱ्याला देणे लागत होता.

बाहेर हसाहशी. घड उतरवणारे हात थांबलेले.
लोटन मापाडी काट्यावर उभा असताना
कुणीतरी शून्याचे बटण दाबले होते,
आणि तो पान थुंकायला खाली उतरला होता.
अमळनेरकडचा माणूस. पावती उलटसुलट करून म्हणाला,
"बहीन, मी त जित्ता शे ना, मंग उणा कसा?"

त्या रात्री मी उलटीकडून सुरुवात केली.
आधी प्रश्न लिहिला, उत्तर नसताना :
लोटन उभा. शून्य. लोटन उतरला.
पावती निघता कामा नये.
चालवले. पडदा लाल.
लाल दिसावा म्हणूनच तर लिहिले होते,
जी टेस्ट कधी नापासच झाली नाही
तिच्या पास होण्याला काय अर्थ?
मग चार ओळी. पाचवी सुचत होती, ती लिहिली नाही.
हिरवा.

नंतर एकेक जमत गेले.
वजन चालू असताना गेलेली वीज,
एकाच ट्रकची दोनदा नोंद,
फैजपूरचे दोन भंगाळे, नाव एक, बापाचे नावही एक,
आणि दांड्याची कट, जी फक्त शनिवारी चुकायची,
का, ते शोधायला मला तीन शनिवार लागले.
प्रत्येक चुकीला तिच्या माणसाचे नाव दिले.

आता तीनशे अकरा आहेत.
हितेश नवा मुलगा, धुळ्याच्या कॉलेजातला.
म्हणतो, ताई, काटा बदलला,
ते बटणच राहिले नाही,
ही लोटनवाली काढून टाकू?

लोटन सुरतला असतो, मुलाकडे.
गुडघे गेलेत, तिसरा मजला,
खाली येणे होत नाही म्हणे.

रोज रात्री दोनला,
गाड्या दिल्लीच्या वाटेला लागल्यावर,
तीनशे अकरा एकामागून एक चालतात.
तेव्हा तो काट्यावर चढतो
आणि उतरतो.
बासष्ट किलो. आकडा मी बदललेला नाही.

हितेशला म्हटले, राहू दे.
कारण सांगितले ते काट्याचेच.