परवाचा पेपर

कोट्टयमचा पेपर मिरज जंक्शनला उतरायचा
दोन दिवस शिळा, सुतळीनं बांधलेला.
कुंजुमोन पंक्चरवाला सायकलवर आणायचा:
सात पेपर, सात घरं, सगळ्या मिशनच्या नर्सा.

आई नाइट ड्यूटीवरून यायची,
बूट काढायच्या आधी मधलं पान उघडायची.
पासपोर्टाएवढे फोटो, रांगेनं.
'ही माझ्या वर्गात होती.
हा नावाडी. पावसाळ्यात शाळेला हाच न्यायचा.'
तिकडं पुरून दोन दिवस झालेले असायचे,
आमच्या ओट्यापाशी तेव्हा कुठं मरायची माणसं.

मला ती अक्षरं येत नाहीत.
बोलणं अर्धं कळतं; रागावणं पूर्ण.
पेपराची मी कव्हरं घातली वह्यांना.
भूगोलावर वर्षभर कुणाचा तरी बाप होता.
वक्तृत्वात पहिली आले तेव्हा बाई म्हणाल्या,
'केरळची असून ळ किती स्वच्छ!'
आई गालात हसली.
आमच्या घरी ळ दोन होते,
त्यातला एक बाईंना जन्मात जमला नसता.

ती गेली, तेव्हा जाहिरात मीच दिली.
शोशम्मा वर्कीज, एकाहत्तर.
पेपर आला, परवाचाच.
त्या पानावर आईला मी चेहऱ्यावरून शोधलं.
खालच्या एका शब्दावर
कुंजुमोननं काळं बोट टेकवलं: 'मिरज.'
मग बोट उचललं. तिथं डाग राहिला.

आणि वही. निळी, लेबर वॉर्डची, अठ्ठ्याहत्तर सालची.
पानंच्या पानं तिच्या लिपीत.
वाटलं, डायरी असेल.
आम्हाला कधीच न सांगितलेलं काहीतरी.
दुकानात घेऊन गेले.
त्यानं हात पुसले, चष्मा पुसला,
ट्यूब तशीच टबात सोडली
आणि एकेक अक्षर लावत वाचू लागला:

'कळा… कवापासनं… हायत?
पानी गेलं का?
भिऊ नगंस, बाय.
माझा हात धर.
जोर कर. आनि येकदा.
पोरगी झाली. रडू नगंस.'

तो थांबला. पान उलटं-सुलटं करून पाहिलं,
जणू मल्याळम पाठीमागं पडलं असावं.
'हे तर आपलंच आहे,' म्हणाला.

कुणाचं, ते मी विचारलं नाही.
टबात ट्यूबमधून बुडबुडे येत होते,
एकाच जागेवरून.
'अजून वाचा,' म्हटलं.