चवीची नोंद

पहाटे साडेचारला पंप चालू होतात.
मनामाच्या या प्लॉटवर तीन मजले खाली जायचंय
आणि जमीन दोन हातांवरच ओली.
म्हणून मी. ओळखपत्रावर लिहिलंय, डीवॉटरिंग फोरमन.
आबांना फोनवर सांगितलं, पाणी काढतो.
ते पानाड्या. जत तालुक्यात
तळहातावर नारळ आडवा धरून
लोकांची रानं अनवाणी चालले जन्मभर.
नारळ उभा राहिला की थांबायचे, टाचेनं खूण करायचे.
"काढून कुठं देतोस?"
समुद्रात, म्हटलं.
बराच वेळ नुसती खरखर ऐकू येत होती.

आपल्याकडे पाणी सोडतात ते कशावर तरी,
हक्कावर, आशेवर, दान दिलेल्या गाईवर.
इथं मी पाणीच सोडतो.
तासाला तीनशे घनमीटर, खाली सही करून.

कुंपणाच्या पत्र्यातून पाइप बाहेर पडतो
तिथं हज्जी मकी रोज यायचा.
उकिडवा बसून ओंजळ धरायचा,
जिभेवर घ्यायचा, थुंकायचा.
"मालिह." खारं. आणि चालू लागायचा.
गुल जमान म्हणाला, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय.
तसं नव्हतं. इथं खजुराची बाग होती त्यांची,
पाण्याची पाळी सावलीवरून मोजायचे.
आणि त्याचा आजा मोत्यांच्या बोटीवर.
प्यायचं पाणी संपलं की पखाल घेऊन बुडी मारायचा,
तळाशी गोडा झरा, त्याच्या तोंडाला पखालीचं तोंड लावायचा
आणि एवढ्या खाऱ्यातून गोडं घेऊन वर यायचा.
त्या झऱ्याला कौकब म्हणत. तारा.
मला वाटलं, माझंच अरबी चुकलं. पुन्हा विचारलं.
त्यानं आधी वर बोट केलं, मग खाली.

सात नंबरच्या खड्ड्यात दगड लागले,
हातानं रचलेली, चुन्यात बसवलेली वीतभर रुंद नाली.
मीटरचा आकडा अडतीस हजारांवरून
तीन हजार शंभरवर उतरला.
मी काच पुसली. तेवढाच.
शाजी साहेब म्हणाले, चार नंबरचं रीडिंग लिही.
चार समुद्राच्या अंगाला, कायमचा खारा.
गोडं लिहिलं तर परवाना थांबतो,
क्रेनचं भाडं थांबत नाही.
अकरा दिवस मी चार लिहिला.
पाणी कुठं मुरतंय, विचारायला कुणी नव्हतं.
मुरत नव्हतंच ते. वाहत होतं.

बाराव्या दिवशी हज्जी मकीनं ओंजळ तोंडाला लावली
आणि थुंकला नाही.
गाल फुगवून बसून राहिला, पोरासारखा.
मग गिळलं.
थोब गुडघ्यापर्यंत भिजला तरी उठेना.
माझ्याकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

त्या रात्री वहीत सात लिहिला.
चवीला रकाना नव्हता, म्हणून समासात,
आपल्या अक्षरांत: हिलू. गोड.

पुढं फार काही झालं नाही.
नऊ दिवस पंप बंद. माझा ओव्हरटाइम बुडाला,
गुल जमानचाही, तो महिनाभर बोलला नाही.
बदरिया नावाची एक बाई आली,
शिडी हलत होती तरी खड्ड्यात उतरली, बाटल्या भरल्या.
तिसरा मजला नकाशातून गेला.
दुसऱ्यावर, दोनशे चौदा नंबरच्या गाडीमागं,
नाली जिथून यायची तिथं एक नळी आणि लोखंडी झाकण.

महिन्यातून एकदा टेप घेऊन जातो.
झाकण उचललं की आधी गारवा लागतो तोंडाला.
टेप सोडतो, ओल्या खुणेवर अंगठा धरतो.
गेल्या खेपेपेक्षा चार बोटं खाली.
शेजारच्या प्लॉटवर पंप लागलेत.
तिथला फोरमन कोण, माहीत नाही.
हज्जी मकी आता त्यांच्या पाइपाशी बसतो.

परवा सुपरमार्केटातला नारळ नेला.
गाड्यांच्या मधोमध, बूट काढून,
तळहातावर आडवा धरला, चार पावलं चाललो.
सिक्युरिटीवाला बघत होता.
नारळ हललासुद्धा नाही.
आबांना सांगितलं तर म्हणाले,
"सोललेला होता व्हय? शेंडीचा लागतो, बाबा."