महिन्याची एक तारीख

टेरबोनच्या दलदलीत डिसेंबरातही डास मरत नाहीत.
ओडेल टेबलावर गोळी ठेवते,
शेजारी चष्मा आणि बारीक अक्षरांचा कागद:
उलटी, थरथर, क्वचित झटके.
कॉली असेल तर जपून.
मोझेस अर्धा कॉली.
कुठला अर्धा, कोण सांगणार?

आधीच्या कुत्रीला तिनं काहीच दिलं नव्हतं.
"औषध म्हणजे विषच," म्हणायची तेव्हा.
डॉक्टरनं नंतर बरणी दाखवली:
शिजलेल्या शेवयांसारखं काहीतरी,
हृदयातून काढलेलं.

गोळी चीजमध्ये दडवते.
मोझेस चीज खातो,
गोळी थुंकतो, शेपटी हलवतो.
ती वाकते, गुडघा कुरकुरतो,
गोळी पुसून पुन्हा तळव्यावर घेते.

जाळीच्या दाराला
एक बारीक भोक पडलंय.
त्यावर बोट ठेवून
ती उभी राहते थोडा वेळ.