अर्थ

बामणोलीच्या धक्क्यावर इंजिन फळीला आवळलंय.
पंधरा हॉर्सपॉवर, टू-स्ट्रोक, माझ्याहून दोन वर्षांनी मोठं.
झाकण काढलं तर आत कोळ्याचं जाळं
आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून
कुणीतरी जगवलेली एक वायर.

कोंडीबा उतेकर बाजूला बसून
बिडी विझवतात, पेटवतात.
पेट्रोलचा वास आला की विझवतात,
निवासचं नाव निघालं की पेटवतात.

निवास चैत्रात पडला.
लाट साधीच होती, दुसऱ्या लाँचची.
हात सुटला दांड्यावरून, दांडा आपसूक वळला,
आणि रिकामी बोट त्याच्याभोवती फिरायला लागली
झापड बांधलेल्या घाण्याच्या बैलासारखी.
चार फेऱ्या चुकवल्या त्यानं. पाचवीला टाच गेली.
"तिला काय ठावं," कोंडीबा म्हणतात,
"कोण बसलंय न् कोण न्हाई."

मी मेढ्याची. विहिरींवरच्या मोटारी भरते.
जमिनीवरची वीज मला कळते:
तार तुटली की दिवा गेला.
इथं उलटं.
इथं तार जोडली की इंजिन मरतं.
ठिणगीच्या वाटेवरची वायर इंजिनच्या अंगाला टेकवायची,
मग ठिणगी प्लगपर्यंत जातच नाही, तिथंच जिरते.
आमच्यात ह्याला अर्थ देणं म्हणतात.
अर्थ मिळाला की गप्प.
शाळेत बाई कवितेचा अर्थ विचारायच्या
तेव्हा मीही अशीच.

जुन्या बटणाच्या दोन वायरी सापडल्या.
एक पांढरी, आता चहाच्या रंगाची.
दुसरी काळी, ती काळीच.
मीटर टूं वाजला.
त्याच दोघींना नवा स्विच समांतर जोडला,
बोल्टाखालचा गंज पॉलिश पेपरनं घासला, उजळेपर्यंत,
कारण रंगावर टेकलेला अर्थ खोटा.
लग दाबले, वर नळी चढवली, लायटरनं शेकली.
तेवढ्यापुरती बिडी लांब.

लाल दोरी, स्प्रिंगसारखी. टोकाला क्लिप.
क्लिप खोचलेली आहे तोवर
आतली दोन टोकं एकमेकांना भेटत नाहीत.

"मला बांधतीस व्हय, रेडकागत?"
चाळीस वर्षं ह्या पाण्यावर काढलेला माणूस.
मनगटाला नको म्हणाले, मांडीला नको.
शेवटी पाठ करून सदरा वर केला,
करगोट्यात अडकवली,
ओढून पाहिली दोनदा,
आणि वासोट्याकडं बघत बसले, जणू काही झालंच नाही.

मध्यावर गेल्यावर, न सांगता,
त्यांनी अंग मागं टाकलं.
टक्.
एवढा आवाज होता हे तो गेल्यावर कळलं.
पलीकडच्या काठावर कुणी भांडी घासत होतं, ते ऐकू आलं.
बोट थोडी आपल्या वेगानं गेली,
मग पाण्याच्या मर्जीनं.
खाली कुठंतरी खरी माती. आम्ही दोघंही खाली बघितलं नाही.

परतताना मला घाम फुटला.
पडणारा माणूस दोरी घेऊन पडतो.
क्लिपही त्याच्याबरोबर.
मग बोटीत उरलेल्यांनी इंजिन कशानं चालू करायचं,
त्याला आणायला वळायचं कसं?

दुसरी क्लिप पिशवीत होती, डब्याखाली.
समोरच्या खुंटीला टांगली,
पहिल्यांदाच बोटीत बसलेल्यालाही दिसेल अशी.
निवास काठी टेकत धक्क्यावर आला होता.
त्यानं ती काढली. परत टांगली. परत काढली,
ह्या वेळी डोळे मिटून.
"घावती," म्हणाला.