बांडगूळ

कणकुंबीच्या वरच्या वाडीत
फणसावर चढलाय लुमाण्णा, कमरेला कोयता.
"यंदा चारच फणस धरले," म्हणतो,
"बाकीचं सगळं ह्यानं खाल्लं."

कोयता उचलला, आणि तसाच राहिला हात.
पानांच्या आत चिक्, चिक्.
फुलटोच्या.
वजन पाच रुपयांच्या नाण्याएवढं,
रंग चुलीतल्या थंड राखेचा,
असून नसल्यासारखा.

त्यानं एक फळ गिळलं.
थोड्या वेळानं फांदीवर आडवा झाला,
इकडे तिकडे पाहिलं,
आणि शेपटीखालचं सालीला पुसलं.
चिकट तारेवर बी लोंबकळलं,
मग बसलं चिकटून.

"काय करालास रे वर?" मी खालून.
"बघालोय.
पेरालंय हे."

गेल्या महिन्यात खानापूरच्या कचेरीत
खिडकीतल्या माणसानं विचारलं होतं
कधीपासून राहता, कागद आहे काय.
आज्याच्या आज्यानं लावलेला हा फणस
लुमाण्णाला कुठल्याच रकान्यात
लिहिता आला नव्हता.
दोन भाषांत छापलेला अर्ज,
घडी घालून अजून खिशात आहे.

दिवेलागणीला उतरला. कोयता कोरडा.
खिशातून अर्जाबरोबर निघालेलं एक फळ
माझ्या तळहातावर ठेवलं.
दाबलं, तर बी बोटाला धरून बसलं,
झटकलं, दुसऱ्या बोटाला.
पँटीला पुसायला गेलो
तेव्हा त्यानं माझं मनगट धरलं.

"तिथं नको," म्हणाला.
"झाडाला पूस."